सावलीचा आठवडा

कांद्याचा आठवडा रडत गेला.
पिठाचा आठवडा फुगला, भाजला, आणि आम्ही खाऊन टाकला.
मिठाच्या आठवड्यात तिलेकने
कुरुतचे गोळे ताटलीत मांडले, चाटून पाहिले,
मोजायची वेळ आली तेव्हा ताटली रिकामी.

आता सावली.

नारिनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात
खिडकीच्या एकाच कोपऱ्यात नेट येतं.
तिथे साखरेच्या डब्याला टेकून फोन,
फोनमध्ये धडा,
आणि धड्याच्या वरच्या कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढा,
कुबात.
येकातेरिनबुर्गच्या गोदामात, नारिंगी जाकिटात,
मागे खोक्यांची भिंत.
जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं तो आमच्याबरोबर शिकतो.
शाळेत असताना, सासूबाई सांगायच्या,
वीस मिनिटं एका जागी बसला नाही कधी.

धडा म्हणाला: दोन दूरच्या गावांत
सारख्या उंचीच्या दोन काठ्या उभ्या करा.
दूरचं गाव शोधायला आम्हाला कुठे जावं लागलं नाही.

अयझिरेकने तीस सेंटिमीटरची पट्टी अंगणात रोवली,
बर्फात ती नीट उभी राहते.
कुबातने पुसायच्या दांड्याचा तुकडा कापला.
सोमवारी तिकडे ढग.
मंगळवारी तिकडे ढग, शिवाय दोन ट्रक उशिरा आले.
तिलेक म्हणाला, बाबांच्या गावाला सूर्यच दिलेला नाही.

बुधवारी आमची दुपार एक वाजता आली.
साडेसव्वीस, अयझिरेक ओरडली,
तिलेकने बर्फात बोटाने लिहिलं, सहा उलटा.
बाबांची दुपार मात्र आणखी तासाभराने होणार होती.
तो तास आम्ही अंगणातच काढला.
मी बोरसोक तळायचे सोडून
दारात उभी, हाताला पीठ.
एवढी वर्षं संसार केला,
पण याची दुपार आमच्या मागून चालत येते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग चित्र हललं, डांबर दिसलं, बूट दिसले,
एक पहारेकरी, कमरेवर हात:
हे काय चाललंय? कागदपत्रं?
कुबात गुडघ्यावर बसलेला, दांडा धरून.
म्हणाला, गृहपाठ.
पहारेकऱ्याने दांड्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं,
फोनमधून तिलेकने त्याला सलाम ठोकला.
त्यानेच मग टेपचं दुसरं टोक धरलं.
शेहेचाळीस, तो म्हणाला, जरासं कमी.
आणि चित्र गोठलं,
दोन वाकलेल्या पाठी, मधे एक बारीक काळी रेघ.

अयझिरेकने दोन्ही आकडे धड्यात भरले.
धड्याने सांगितलं: पृथ्वी गोल आहे,
आणि तुमचं दुसरं गाव
सुमारे सतराशे किलोमीटर उत्तरेला आहे.
मी काही बोलले नाही.
रेल्वेचं तिकीट, बसचं भाडं, कझाकच्या सीमेवरचा चहा,
हा हिशेब मला सावलीशिवायही तोंडपाठ आहे.

तिलेकला मात्र सतराशे पटेना.
त्याने पट्टीच्या बुडापासून शेहेचाळीसपर्यंत
बर्फात नखाने रेघ ओढली,
आमची सावली जिथे संपली होती तिथे एक बटण ठेवलं,
आणि उरलेल्या तुकड्यावर वीत पसरून पाहिली.
एवढंच? म्हणाला.
एवढ्याने बाबा लांब आहेत?
त्याची वीत थोडी कमी पडली.
अयझिरेक समजवायला लागली, कोन, अंश, वर्तुळ,
मी तिला आत बोलावलं, तेल तापलं होतं.

संध्याकाळी शेजारच्यांची मेंढरं अंगणातून गेली,
रेघ गेली. बटण सापडलं नाही,
ते माझ्या निळ्या कोटाचं होतं.

रात्री उशिरा कुबातचा संदेश:
पहारेकऱ्याचं नाव फ्योदोर. त्याचा नातू सात वर्षांचा.
पुढचा आठवडा कशाचा, विचारतोय.

साबणाचा, मी लिहिलं.

बराच वेळ काही नाही. मग:
गोदामातला चालेल का?
हाताला फार लागतो,
पण फेस बरा येतो.